नदीकाठाने कान्हेरीपर्यंत

आम्ही पाच जण. चौघे दुकानदार आणि एक निवृत्त शिक्षक. बोरिवली पूर्वेला दौलतनगरच्या परिसरात गेली चाळीसएक वर्षे आम्ही एकमेकांच्या आगेमागे राहत आलो आहोत. माझा धंदा कागदाचा : वह्या, चोपडे, पावतीपुस्तके, फाइली. दुसरा कापडवाला, तिसरा भुसारवाला, चौथ्याचे हार्डवेअरचे दुकान. पाचवे सर, त्यांना आम्ही सगळेच ‘सर’ म्हणतो, कारण आमच्यापैकी तिघांची मुले त्यांच्या हाताखालून गेली आहेत. कोणाचेही नाव येथे देत नाही. ज्यांना ओळखायचे ते धंद्यावरून ओळखतीलच. ज्याच्याविषयी प्रामुख्याने लिहितो आहे त्याची परवानगी मी तोंडी घेतली आहे. लेखी मागण्याचे धाडस झाले नाही. ते का, हे पुढे येईल.

१९९८ साली हार्डवेअरवाल्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. त्याने घासाघीस करून ते रविवारवर आणून ठेवले आणि एकट्याने चालणे जमेना म्हणून आम्हा चौघांना बरोबर घेतले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही चालतो. कधी नदीच्या काठाने, कधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत, कधी नुसतेच गल्लीबोळांतून भरकटत, आणि वर्षातून एकदा, हिवाळ्यात, थेट कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत. सुरुवातीला दोन नियम केले होते. वाटेत धंद्याचे बोलायचे नाही आणि मुलांच्या लग्नांचे बोलायचे नाही. पहिला नियम पहिल्याच रविवारी मोडला. दुसरा मुले मोठी होईपर्यंत टिकला.

यंदाच्या जानेवारीतील कान्हेरीची फेरी सरांच्या सांगण्यावरून ठरली. सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आहे. “पुढच्या वर्षी मला बसने जावे लागेल. या वर्षी चालत जाऊ, आणि पाचही जण जाऊ,” असे ते म्हणाले. ‘पाचही’ या शब्दावर त्यांनी जो भार दिला तो मला फोनवरही ऐकू आला. कारण गेली तीन वर्षे आम्ही चौघेच चालत होतो. कापडवाला येत नव्हता, आणि तो का येत नाही हे चौघांपैकी मला एकट्यालाच ठाऊक होते.

त्या रविवारी पावणेसातला मी नदीवरच्या पुलाशी पोहोचलो. अंधार पुरता सरला नव्हता. भुसारवाला कानटोपी घालून आधीच उभा होता. मुंबईच्या थंडीचा एवढा मान राखणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मग हार्डवेअरवाला आला, सर आले. सातला पाच कमी असताना रस्त्याच्या पलीकडून कापडवाला येताना दिसला. तीच पांढरी टोपी, तीच किंचित डाव्या खांद्यावर झुकलेली चाल. केस मात्र पुष्कळच पिकले होते. त्याने सगळ्यांना मिळून एकच “जय जिनेंद्र” केला. त्यात मीही आलो, आणि वेगळा असा नाहीही आलो.

आमची नदी म्हणजे दहिसर नदी. आसपासची नवी पिढी तिला सरळ ‘नाला’ म्हणते, आणि त्या पिढीला दोष देववत नाही. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या उंच भिंती, मध्ये काळे पाणी, भिंतीच्या फटीतून उगवलेली पिंपळाची रोपे. पण ही नदी उद्यानातल्या तुळशी तलावाकडून निघते आणि बाराएक किलोमीटर वाहत जाऊन मनोरीच्या खाडीला मिळते. आम्ही चालतो ते तिच्या प्रवाहाच्या उलट. त्यामुळे दौलतनगरपासून श्रीकृष्णनगरापर्यंत नाक मुठीत धरून चालावे लागते आणि जसजसे पुढे जावे तसतशी नदी सुधारत जाते.

त्या पुलावर उभे राहिले की मला २६ जुलै २००५ हा दिवस आठवतोच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वर तुळशीचे डोंगर, खाली भरतीची खाडी आणि मध्ये आम्ही. माझे गोदाम तळमजल्यावर होते. शाळांचा हंगाम उरकत आला होता, पण दिवाळीच्या चोपड्यांचा माल आठच दिवसांपूर्वी येऊन पडला होता. पाणी छातीपर्यंत चढले. ते ओसरल्यावर शटर वर केले तेव्हा आतून जो चिखल बाहेर आला तो लाल होता. चोपड्यांच्या बांधणीच्या लाल कापडाचा सगळा रंग पाण्यात उतरला होता. भिजलेल्या कागदाचे वजन किती होते हे ज्याने उचलले त्यालाच कळेल. चार हमाल लावूनही दोन दिवस ते ढीग हलत नव्हते. विमा होता, पण तो दुकानाचा. गोदामाचा काढायचे मी दोन वर्षे पुढे ढकलत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कापडवाला आला. त्याचे दुकान थोडे उंचावर असल्याने वाचले होते. हातात त्याच्या दुकानाची कापडी पिशवी. ती टेबलावर ठेवून म्हणाला, “दीड लाख आहेत. मोजून घे, मी घाईत मोजलेत.” मी चिठ्ठी लिहायला कागद शोधू लागलो. कागदाच्या व्यापाऱ्याच्या त्या खोलीत त्या दिवशी एक कोरडा कागद नव्हता. तो हसला आणि म्हणाला, “राहू दे. तुझ्याकडे कागद येईल तेव्हा बघू.” पैसे मी एकोणीस महिन्यांत फेडले. व्याजाचे विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. चिठ्ठी कधी लिहिलीच गेली नाही.

हे सगळे पुलावर उभे असता मनात येऊन गेले आणि आम्ही चालू लागलो.

श्रीकृष्णनगराकडून महामार्गाशी आलो. डोक्यावर मेट्रोची पहिली गाडी धडधडत गेली. २०२२ साली ही मार्गिका सुरू झाल्यापासून उद्यानाच्या दाराशी ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचे स्थानकच झाले आहे. महामार्ग ओलांडणे हा आमच्या सहलीतला सर्वांत धोक्याचा भाग. बिबट्याच्या प्रदेशात शिरायचे आहे, पण भीती वाटते ती टेम्पोची. दाराशी पिशव्या तपासल्या. भुसारवाल्याने खाकऱ्यांचे पुडके प्लास्टिकमध्ये आणले होते, ते काढून खाकरे हार्डवेअरवाल्याच्या डब्यात थेपल्यांवर रचावे लागले. त्या निमित्ताने आत किती थेपले आहेत हे सर्वांना कळले आणि पुढच्या सहा किलोमीटरांचा उत्साह वाढला.

उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे अरण्य आहे, ही गोष्ट आम्ही रोज तिच्या कडेला राहून विसरतो. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा. दोन्ही याच अरण्यात. पाण्यासाठी जंगल राखले गेले, म्हणून आज चालायला तरी जागा उरली. दारातून आत शिरताच पहिल्या अर्ध्या किलोमीटरात बागेसारखे वातावरण असते. फुगेवाले, धावणारे तरुण, हास्यक्लब. मग माणसे विरळ होतात, रस्ता वळणे घेऊ लागतो आणि नदी पुन्हा भेटते. येथे ती वेगळीच असते. उघड्या खडकांवरून, कुठे दिसत, कुठे झाडोऱ्यात लपत वाहते. वास नाही. हार्डवेअरवाला दर वर्षी न चुकता तेच वाक्य म्हणतो, “हीच ती का आपली?” आणि आम्ही दर वर्षी “हीच” म्हणतो.

जानेवारीत या जंगलाचा रंग पिवळट तपकिरी असतो. सागाची मोठमोठी पाने वाटेवर पडलेली, पाय पडला की पापडासारखी मोडणारी. ऐन, कुडा, बांबूची बेटे. काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर कळ्या धरू लागलेल्या. उतारांवर कारवीची वाळकी झुडपे दिसत होती. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते. २०१६ साली ती येथे फुलली तेव्हा आम्ही पाचही जण होतो. उतारच्या उतार जांभळे झाले होते आणि कापडवाला एका फुलाशी वाकून म्हणाला होता, “हा रंग सुरतेला सांगून जमत नाही.” २०२४च्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा फुलली तेव्हा आम्ही चौघे आलो होतो. कोणी रंगाविषयी काही बोलले नाही. आता पुढचा बहर २०३२चा. सरांनी मोठ्याने हिशेब केला आणि मग कोणालाच पुढे काही बोलवेना.

चालताना आमची रांग आपोआप लागते. भुसारवाला पुढे, त्याच्या मागे हार्डवेअरवाला, सर मध्ये आणि मी व कापडवाला शेवटी. तीन वर्षांनीही पायांनी तीच जागा घेतली. त्यामुळे दोन किलोमीटर आम्ही दोघे शेजारी शेजारी चालत होतो. वानरांची एक टोळी रस्ता ओलांडून गेली, ते आम्ही थांबून पाहिले. तो म्हणाला, “पिल्लं बरीच आहेत.” मी म्हणालो, “हो, बरीच आहेत.” एवढेच.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे.

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा कापडवाल्याचे दुकान लग्नसराईच्या मालाने भरलेले होते. एप्रिल-मेची लग्ने झालीच नाहीत. झाली ती पंचवीस माणसांत, आणि पंचवीस माणसांच्या लग्नाला कोणी शालू-शेले घेऊन वाटत नाही. माल पडून, भाडे चालू, व्यापाऱ्यांचे तगादे चालू. दिवाळीनंतर एका दुपारी तो माझ्या दुकानात आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, “तीन लाख लागतील. वर्षभरात देतो.”

मी “हो” म्हणालो. क्षणही लावला नाही, हे माझ्या बाजूने सांगतो. पण त्याच दमात पुढचे वाक्य माझ्या तोंडून गेले, “पैसे बँकेतूनच पाठवतो. आणि तेवढा एक पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेव. नुसता असू दे.”

मागे हे मी घरी सांगितले तेव्हा असे सांगितले की मुलाच्या आग्रहामुळे मागावा लागला. मुलगा हिशेबाला पक्का आहे आणि प्रत्येक व्यवहाराचा कागद असावा असे म्हणतो, हे खरे. पण त्या दुपारी तो दुकानात नव्हता. वाक्य माझे होते.

कापडवाल्याने माझ्याकडे पाहिले. खिशातून चेकबुक काढले. म्हणजे ते तो बरोबर घेऊनच आला होता. रक्कम लिहिली, तारीख घातली, सही केली, शाई वाळेपर्यंत हलवला आणि माझ्या समोर ठेवला. चहा पिऊन गेला. चौदा महिन्यांत त्याने सगळे पैसे फेडले. शेवटच्या हप्त्याबरोबर एक चिठ्ठी आली, त्यावर नऊ टक्क्यांनी दिवसागणिक व्याजाची आकारणी, पैशापर्यंत. व्याज मी मागितले नव्हते. त्यानंतरच्या रविवारी तो पुलावर आला नाही, आणि मग कधीच आला नाही. गुडघा, पाहुणे, दुकान अशी कारणे सांगत राहिला.

तीनही वर्षी संवत्सरीला त्याचा ‘मिच्छामि दुक्कडम्’ मला आला आणि माझा त्याला गेला. कमळाचे चित्र असलेला, कोणीतरी पाठवलेला, जसाच्या तसा पुढे ढकललेला. दोनशे जणांना एका बोटाने पाठवला त्यांत तोही एक. त्यापेक्षा एखाद्या वर्षी पाठवायचे राहून गेले असते तर कदाचित दोघांपैकी एकाने फोन तरी केला असता.

आणि तो चेक माझ्याकडेच राहिला. पैसे फिटल्यावर परत करायला हवा होता. आज देऊ, उद्या देऊ असे करता करता तो तिजोरीत पडून राहिला. तारखेपासून तीन महिन्यांनी चेक शिळा होतो, तेव्हा त्याला कागदाइतकीही किंमत उरलेली नव्हती. पण तिजोरी उघडली की तो दिसे. त्या रविवारी सकाळी निघताना मी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून आणला होता.

कान्हेरीला पोहोचायला साडेनऊ वाजले. शेवटच्या चढावर पाड्यातल्या दोन बाया आवळे मांडून बसल्या होत्या, ते मीठ लावून खाल्ले. वर पायऱ्यांशी येऊन डबा उघडतो न उघडतो तोच एका माकडाने झेप घेऊन वरचे खाकरे पळवले. भुसारवाल्याने आकांत केला. खाकरे पुडक्यात असते तर वाचले असते, असे त्याचे आजही म्हणणे आहे. थेपले मात्र खाली असल्याने राहिले, ते आम्ही भिंतीकडे तोंड करून, चोरासारखे खाल्ले.

मग सरांनी आम्हाला लेणी दाखवली. दर वर्षी दाखवतात आणि दर वर्षी आम्ही विसरतो. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. बेसाल्टच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत, सुमारे हजार वर्षांच्या काळात कोरलेली. बौद्ध भिक्षूंचे हे मोठे वसतिस्थान. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या सुमारास, दोन व्यापारी भावांनी कोरवून घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. सर पंचाहत्तराव्या वर्षीही ती ब्राह्मी अक्षरे बोटाने हवेत गिरवून दाखवतात.

“राजांपेक्षा इथे तुमचीच माणसे जास्त आहेत,” सर म्हणाले. “व्यापारी, सोनार, पेढीवाले. कुणी कल्याणचा, कुणी सोपाऱ्याचा, कुणी नाशिकचा, कुणी चौलचा. कुणी लेणे दिले, कुणी नुसते पाण्याचे टाके. टाक्याला ते पोढी म्हणत. कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पोढीचा लेख आहे, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने दिलेलीचाही आहे.”

“नालासोपारा?” हार्डवेअरवाल्याने विचारले. त्याची एक शाखा तिथे आहे.

“तेच. तेव्हा ते बंदर होते. आणि दुसरा एक प्रकार म्हणजे अक्षयनीवी. मूळ रक्कम किंवा शेत कायम ठेवायचे, मोडायचे नाही. त्याच्या उत्पन्नातून दर वर्षी भिक्षूंना चीवरे द्यायची.”

“म्हणजे फिक्स डिपॉझिट,” भुसारवाला म्हणाला. खाकऱ्यांचे दुःख तो थोडे विसरला होता. “आणि बघा की, दगडावर लिहून घेतलंय! दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा व्यापारी तोंडी विश्वासावर राहत नव्हता. लिखापढी ती लिखापढीच.”

तो सहज बोलला. त्याला काही ठाऊक नव्हते. हार्डवेअरवाला हसला, सरही हसले. मी चैत्याच्या छताकडे पाहू लागलो. कापडवाला खांबाला हात लावून उभा होता, तो बाहेर निघून गेला.

मी थोड्या वेळाने त्याच्या मागे गेलो. कान्हेरीच्या डोंगराची खरी कारागिरी मला लेण्यांपेक्षा पाण्याची वाटते. खडकात कोरलेले पन्हळ पावसाचे पाणी वळवून आणतात आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाहेर एक टाके आहे. जानेवारीतही त्यांत पाणी असते. कापडवाला वरच्या बाजूच्या एका टाक्याशी बसला होता. दूरवर झाडांच्या पलीकडे बोरिवलीच्या इमारती धुक्यात उभ्या होत्या. मी शेजारी बसलो.

“त्याला माहीत नाही,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे. चांगला माणूस आहे, खाकऱ्यांवर जीव आहे.” तो थोडा थांबला. “तू चेक मागितलास त्याचा मला राग नव्हता. मीही दुकानदार आहे. मी तर चेकबुक घेऊनच आलो होतो.”

“मग आला का नाहीस?”

तो टाक्यातल्या पाण्याकडे पाहत बोलला. मला ते शब्द बऱ्यापैकी लक्षात आहेत.

“त्या दिवशी तुझ्या दुकानातून निघालो. घर किती लांब आहे? दहा मिनिटं. तेवढ्यात माझ्या डोक्यात आकडा तयार. पाच सालचे दीड लाख, एकोणीस महिने, बारा टक्क्यांनी किती, त्यावर पुढे आजपर्यंत किती. पायऱ्या चढेपर्यंत पैशापर्यंत हिशेब मांडून झाला. मग लक्षात आलं, हा आकडा आज नाही तयार झाला. पंधरा वर्षं तो होताच. मला वाटत होतं मी दिले आणि विसरलो. लोकांनाही मी तसंच सांगत आलो. तुझ्याकडून लिहून घेतलं नाही, पण माझ्या इथे” त्याने कपाळाला बोट लावले, “लिहिलेलं होतं. तुझ्यापेक्षा जास्त पक्कं. तू निदान समोर मागितलास.”

खाली कोणाची तरी मुले लेण्यात आरोळ्या देऊन प्रतिध्वनी ऐकत होती.

“तू दिसलास की तो आकडा दिसायचा,” तो म्हणाला. “म्हणून नाही आलो. व्याज लावून पैसे दिले ते त्याच तिरीमिरीत. वाटलं तुला टोचेल. टोचलं ना?”

“टोचलं,” मी म्हणालो.

“बरं झालं.” आणि तो हसला. मग म्हणाला, “बरं झालं नाही. म्हणजे... तू समज.”

मला त्या वेळी नीट क्षमा मागायची होती. वाटेत येताना दोन-तीन वाक्ये मनात जुळवलीही होती. त्यांतले एकही आठवेना. मी आतल्या खिशातून चेक काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा वर करून पाहिला.

“हा अजून आहे?”

“परत करायचा राहून गेला.”

“तीन महिन्यांत शिळा झाला असेल.”

“झाला.”

“मी तर समजत होतो तू फाडून टाकला असशील. मनात म्हणायचो, एवढं तरी केलं असेल.” तो चेक त्याने उलटून पाहिला, स्वतःची सही पाहिली. मला वाटले आता फाडेल. पण त्याने तो चार घड्या करून खिशात ठेवला. “घरी फाडतो. इथे कचरा नको.”

मी विचारले, “तो पाच सालचा आकडा किती झाला होता?”

“सांगणार नाही.”

“सांग की.”

“रविवारी धंद्याचं बोलायचं नाही,” तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

उतरताना सरांचे गुडघे दुखू लागले. लेण्यांच्या पायऱ्या चढताना नाहीत तेवढ्या उतरताना त्रास देतात. कापडवाल्याने त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. भुसारवाला पुढे जाऊन बस थांबवून आला, पण सरांनी बसायला साफ नकार दिला. “चालत आलो, चालत जाणार.” मग आम्ही थांबत थांबत चाललो. पहिल्या थांब्यावर हार्डवेअरवाल्याने साखर तपासायचे यंत्र काढून स्वतःचे बोट टोचून घेतले आणि आकडा सर्वांना ऐकवला. दुसऱ्या थांब्यावर भुसारवाल्याने तूरडाळीचा भाव सांगितला. नियम मोडल्याबद्दल त्याला सर्वांच्या चहाचा दंड झाला आणि तो त्याने दाराबाहेर लगेच भरला. तिथून तीन मूर्तींच्या दिशेने हात जोडून आम्ही महामार्ग ओलांडला. पुन्हा नदी, पुन्हा भिंती, पुन्हा तो वास. पुलावर पोहोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. दुकान उघडायला मला तीन तास उशीर झाला होता आणि मुलाचे सात फोन येऊन गेले होते.

पुढच्या रविवारी मी पुलावर गेलो. कापडवाला आला नाही. सात वाजले, सव्वासात वाजले. भुसारवाला म्हणाला, “सुरतेला गेलाय, भाच्याचं लग्न आहे, तुला नाही सांगितलं?” मला नव्हते सांगितले. तो आठवडा मला बराच लांब गेला.

त्यानंतरच्या रविवारी तो आला. दहा मिनिटे उशिरा, आणि हातात लग्नातल्या मिठाईचा डबा.